एफएलपी थर्मोस्टॅट : सॉल्व्हंट प्लांटसाठी निवड, फिटिंग, सेटिंग आणि कोटेशन



हा लेख एफएलपी थर्मोस्टॅटच्या व्हिडिओसोबत वाचायचा आहे. व्हिडिओत बॉक्स उघडून आतली रचना दाखवली. पण आकडे आणि नेमप्लेटवरची अक्षरं व्हिडिओ थांबवून उतरवून घेणं त्रासाचं होतं, म्हणून ते सगळं इथे लिहून देतोय. प्रिंट काढा आणि काउंटरच्या मागे लावा.

धडा कोणासाठी? खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर भागात इलेक्ट्रिकलचं दुकान असेल, पॅनल बनवत असाल किंवा एमआयडीसीत मेंटेनन्सची कामं घेत असाल, तर तुमच्यासाठी. आपल्याकडे सोयाबीन आणि कापूस ही मुख्य पिकं. त्यामुळे आज ना उद्या सॉल्व्हंट प्लांटचा, तेल मिलचा किंवा जिनिंगचा माणूस तुमच्या काउंटरवर येणार आणि म्हणणार, "भाऊ, एक थर्मोस्टॅट द्या." त्या वेळी पहिला प्रश्न किमतीचा नाही. पहिला प्रश्न, "बसवायचा कुठं?"

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख वाचून कोणी धोक्याच्या जागेत स्वतः वायरिंग करायला जाऊ नये. ते काम लायसन्सधारक विद्युत ठेकेदाराचं आहे आणि तेही कारखान्याच्या परमिटवरच. आपण शिकायचं ते योग्य वस्तू विकणं, चुकीची ओळखणं आणि काम बरोबर झालंय का ते तपासणं.

१. धोका नेमका कुठे असतो

घाणीत तेल दाबून काढतात. सॉल्व्हंट प्लांटमध्ये सोयाबीनच्या किंवा सरकीच्या ढेपेतलं तेल हेक्झेनमध्ये विरघळवून काढतात. मग तापवून हेक्झेन उडवतात, थंड करून परत वापरतात. म्हणजे प्लांटभर गरम हेक्झेन फिरत असतं. त्याचे चार आकडे पाठ करा:

- फ्लॅश पॉइंट सुमारे उणे २२ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते.
- हवेत साधारण १.१% ते ७.५% वाफ मिसळली की ते मिश्रण पेटण्याजोगं होतं. १.१% म्हणजे फार कमी.
- ठिणगी नसतानाही, नुसत्या गरम पृष्ठभागामुळे, ते सुमारे २२५ अंशांना पेटतं.
- त्याची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड. ती वर उडून जात नाही. खाली बसते आणि खड्ड्यात, केबल ट्रेंचमध्ये, गटारात साचते.

शेवटचा मुद्दा किती गंभीर आहे हे अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात दिसलं. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी तिथल्या रॅल्स्टन प्युरिना कंपनीच्या सोयाबीन प्लांटमधलं हेक्झेन शहराच्या गटारात गेलं. पहाटे रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारीच्या ठिणगीने वाफ पेटली आणि दोन मैलांहून जास्त लांबीचे रस्ते खालून फुटले. ठिणगी प्लांटच्या बाहेरची होती, तरी एवढं झालं. आपण तर प्लांटच्या आत, पाइपला लागून, दिवसातून शेकडो वेळा चालू-बंद होणारा स्विच बसवायचं बोलतोय.

धोक्याच्या जागेचे तीन झोन असतात. वाफ सतत किंवा बराच वेळ असते तो झोन शून्य, उदा. टाकीच्या आतली रिकामी जागा. नेहमीचं काम चालू असताना अधूनमधून वाफ येऊ शकते तो झोन एक. फक्त काही बिघाड झाला तर आणि तेही थोडाच वेळ वाफ येते तो झोन दोन. झोन कुठला हे आपण डोळ्यांनी ठरवायचं नाही. कारखान्याकडे त्याचा नकाशा असतो, त्याला एरिया क्लासिफिकेशन ड्रॉइंग म्हणतात. त्याची झेरॉक्स मागा. नकाशा नसेल तर आधी तो करून घ्या म्हणून सांगा. कोटेशन त्यानंतर.

२. साधा थर्मोस्टॅट का चालत नाही

थर्मोस्टॅटमध्ये एक बल्ब असतो, बारीक कॅपिलरी नळी असते आणि टोकाला मायक्रोस्विच. बल्ब तापला की आतला द्रव किंवा गॅस फुगतो, दाब वाढतो, स्विच 'टक्' करतो. त्या प्रत्येक 'टक्'ला संपर्कबिंदूंमध्ये बारीक ठिणगी पडते. घरच्या गीझरमध्ये ती बिनधोक. पण हेक्झेनचं मिश्रण पेटायला साधारण पाव मिलीज्यूल ऊर्जा पुरते आणि स्विचच्या ठिणगीत त्यापेक्षा जास्त ऊर्जा सहज असते.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "वॉटरप्रूफ डब्यात बसवून द्या ना भाऊ, आयपी ६५ आहे, हवासुद्धा जात नाही आत." हे चूक आहे. आयपी नंबर धूळ आणि पाणी आत जाण्याबद्दल सांगतो, वाफेबद्दल नाही. दिवसा डबा तापतो, आतली हवा बाहेर पडते. रात्री थंड होतो, बाहेरची हवा आत ओढतो. त्या हवेबरोबर वाफही जाते. मग पुढचा 'टक्' प्लास्टिकच्या डब्याच्या आत स्फोट करतो आणि डबा फुटून आग बाहेर येते.

फ्लेमप्रूफ, म्हणजे आपण ज्याला एफएलपी म्हणतो, तो वाफ आत जाऊ नये म्हणून बनवलेला नसतो. वाफ आत जाणार, आत स्फोटही होऊ शकतो, हे धरूनच तो बनवलेला असतो. त्याची भिंत तो स्फोट सहन करते. झाकण आणि बॉडी यांच्यामध्ये अगदी कमी फटीची, ठरावीक लांबीची धातूची वाट असते, तिला फ्लेम पाथ म्हणतात. आतली ज्वाला त्या वाटेने बाहेर येईपर्यंत इतकी थंड होते की बाहेरची वाफ पेटत नाही.

आजच्या धड्याचा गाभा इथेच आहे. ग्राहक पैसे मोजतो ते त्या फटीचे. आणि ती फट कारखान्यातून बरोबर आली तरी बसवणाऱ्याच्या हातात ती बिघडू शकते. एक बोल्ट कमी, एक साधा ग्लँड, एक उघडं भोक राहिलं, की महागडा एफएलपी बॉक्स साध्या डब्याच्या लायकीचा होतो. सर्टिफिकेट फाइलमध्ये असतं; सुरक्षितता शेवटचा बोल्ट आवळल्यावर येते.

३. नेमप्लेट वाचायला शिका

बॉक्सवर 'एफएलपी' असं स्टिकर असणं पुरेसं नाही. प्लेटवर या गोष्टी डावीकडून उजवीकडे बघा:

संरक्षणाचा प्रकार : 'एक्स डी' म्हणजे फ्लेमप्रूफ, नव्या प्लेटवर 'एक्स डीबी' असतं. 'एक्स आयए' म्हणजे इंट्रिन्सिकली सेफ. झोन शून्यसाठी एक्स डीबी चालत नाही, तिथे सहसा एक्स आयएच लागतं.

गॅस ग्रुप : टू-ए, टू-बी, टू-सी. हेक्झेन टू-ए मध्ये येतं. टू-बी आणि टू-सी त्याहून कडक, म्हणून तेही चालतात. उलटं चालत नाही. हायड्रोजनच्या जागेत टू-ए लावता येत नाही.

टेम्परेचर क्लास : उपकरणाचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल ते हा क्लास सांगतो. टी-१ म्हणजे ४५० अंश, टी-२ ३००, टी-३ २००, टी-४ १३५, टी-५ १००, टी-६ ८५. हेक्झेन २२५ ला पेटतं, म्हणून टी-३ ते टी-६ चालेल. टी-१, टी-२ नाही.

आजूबाजूचं तापमान : इथे आपल्या भागातले लोक हमखास फसतात. प्लेटवर वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते उपकरण उणे २० ते अधिक ४० अंशांसाठीच प्रमाणित असतं. मे महिन्यात खामगाव-मलकापूरला पारा ४४-४५ च्या घरात जातो, तोही सावलीत. पत्र्याच्या शेडखाली, स्टीम लाइनजवळ किती असेल ते तुम्हीच सांगा. म्हणून अधिक ५५ किंवा ६० अंश स्पष्ट लिहिलेलाच पीस मागवा.

सर्टिफिकेट नंबर : प्लेटवरचा नंबर, सर्टिफिकेटवरचा नंबर आणि मॉडेल तिन्ही जुळले पाहिजेत. हेक्झेन हे २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेलं क्लास ए पेट्रोलियम, त्यामुळे पेट्रोलियम नियम २००२ आणि पेसोचा संबंध येतो. पेसो म्हणजे मुख्य विस्फोटक नियंत्रकांचं खातं, मुख्यालय आपल्या नागपूरलाच. धनबादच्या सिम्फर संस्थेसारख्या प्रयोगशाळेचा टेस्ट रिपोर्टही कागदात दिसेल. निवड आणि फिटिंगसाठी आपल्याकडचं मानक आयएस/आयईसी ६००७९ या मालिकेत आहे.

जिनिंगवाल्यांसाठी दोन ओळी. तिथे वाफ नसते, कापसाचे तंतू आणि धूळ असते. गॅससाठीचा एफएलपी तिथे आपोआप चालतो असं समजू नका. प्लेटवर थ्री-ए, थ्री-बी अशी धुळीच्या ग्रुपची खूण आणि थेट अंशात लिहिलेलं तापमान लागतं. शिवाय बॉक्सवर तंतूंचा थर साचला की उष्णता अडकते, म्हणून पुसत राहणं हाही संरक्षणाचाच भाग.

४. दोन रस्ते : कोणता सुचवायचा?

पहिला रस्ता : एफएलपी बॉक्समधला बल्ब-कॅपिलरी थर्मोस्टॅट. मजबूत, समजायला सोपा, वेगळा कंट्रोलर लागत नाही. पण फिटिंग काटेकोर हवं आणि आतून बघायचं तर सप्लाय बंद करावा लागतो.

दुसरा रस्ता : धोक्याच्या जागेत फक्त पीटी-१०० सेन्सर, कंट्रोलर सुरक्षित कंट्रोल रूममध्ये आणि मध्ये एक्स आयए बॅरिअर. बॅरिअर तिकडे जाणारी ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवतो की वायर तुटली तरी पेटवणारी ठिणगी पडत नाही. सेटिंग बदलायला प्लांटमध्ये जावं लागत नाही. मात्र बॅरिअर, केबल आणि सेन्सर यांचा मेळ कागदावर मांडावा लागतो आणि बॅरिअरची केबल इतर केबलींपासून वेगळी न्यावी लागते.

एक-दोन पॉइंट असतील तर पहिला रस्ता बरा. पॉइंट जास्त असतील, नोंदी ठेवायच्या असतील, तर दुसरा. तत्त्व कायम एकच : जे बाहेर ठेवता येतं ते धोक्याच्या जागेत नेऊ नका.

५. फिटिंग : क्रमाने

(१) परमिट : कारखान्याच्या सेफ्टी इन्चार्जकडून वर्क परमिट. सप्लाय बंद, कुलूप, टॅग. गॅस मीटरने वाफ तपासायची, जमिनीलगत आणि खड्ड्यातसुद्धा. ड्रिल, ग्राइंडर, मेगर यांची परमिटमध्ये वेगळी नोंद हवी.

(२) बल्ब : थर्मोवेल, म्हणजे आपला पॉकेट, त्यातच बसवा. म्हणजे लाइन न उघडता बल्ब काढता येतो. पूर्ण बल्ब प्रवाहात यायला हवा. अर्धा बाहेर राहिला तर तो खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवेल. पॉकेटमध्ये उष्णतावाहक पेस्ट भरा.

(३) कॅपिलरी : कापायची नाही, जोडायची नाही, चेपू द्यायची नाही. जास्तीची नळी मोठ्या गोलाकारात गुंडाळून बांधा. स्टीम लाइनला चिकटवून नेऊ नका.

(४) बॉक्स : कंपन आणि स्टीमपासून दूर, हात पोहोचेल अशा उंचीवर. झाकण पूर्ण उघडेल एवढी मोकळी जागा समोर ठेवा.

(५) ग्लँड : एफएलपी डबल कॉम्प्रेशन ग्लँड, बॉक्सच्याच ग्रुपचा, सर्टिफिकेटसह. केबलच्या व्यासाला जुळणारा. टेप गुंडाळून जाड केलेली केबल चालत नाही. आटे किमान पाच पूर्ण बसले पाहिजेत. बॉक्सचे आणि ग्लँडचे आटे एकाच प्रकारचे आहेत ना, ते आधी हाताने फिरवून बघा.

(६) रिकामं भोक : दोन एन्ट्री असतील आणि एकच वापरली, तर दुसरीला सर्टिफाइड मेटल प्लग. सोबत येणारं प्लास्टिकचं बूच फक्त वाहतुकीपुरतं असतं. लाकडाचा खुंटा, एमसील हे तर विसराच.

(७) अर्थिंग : बॉक्सच्या आत एक, बाहेर एक. केबलचं आर्मरही अर्थ झालं पाहिजे.

(८) लोड : स्टीम व्हॉल्व्हची कॉइल किंवा मोटर थेट थर्मोस्टॅटवर टाकू नका. थर्मोस्टॅटने सुरक्षित जागेतल्या पॅनलमधला रिले चालवावा. प्लांटमधल्या सोलेनॉइडची कॉइलही एफएलपीच हवी.

(९) झाकण : फ्लेम पाथ स्वच्छ कापडाने पुसा. पॉलिश पेपर, कानस, रंग, सिलिकॉन काहीही नाही. घरी कापलेलं रबरी गॅस्केट टाकलं तर फट वाढते आणि सगळं संरक्षण गेलं. उत्पादकाने सांगितलेलं न सुकणारं ग्रीस हलक्या हाताने लावा. सगळे बोल्ट, मूळ ग्रेडचेच, क्रॉस पद्धतीने आवळा. एक बोल्ट हरवला असेल तर त्या दिवशी लाइन चालू होणार नाही, इतकं साधं आहे.

(१०) चाचणी : बसवण्याआधी वर्कशॉपमध्ये गरम पाण्यात, कॅलिब्रेट केलेल्या थर्मामीटरशेजारी बल्ब धरून कोणत्या अंशाला तुटतो आणि कोणत्या अंशाला जुळतो ते लिहा. बसवल्यावर तोच स्विच पॅनलपर्यंत आणि व्हॉल्व्हपर्यंत खरंच काम करतो का ते पुन्हा बघा.

६. सेटिंग आणि रोजचं चालवणं

शुद्ध हेक्झेन सुमारे ६९ अंशांना उकळतं. प्लांटमध्ये येतं ते मिश्रण त्याच्या थोडं आधीच उकळू लागतं. म्हणून एक्स्ट्रॅक्टर साधारण ५५ ते ६० च्या दरम्यान ठेवतात. समजा, कंट्रोल थर्मोस्टॅट ५८ ला लावला आणि डिफरन्शियल ३ ठेवला. तर ५८ ला स्टीम बंद, ५५ ला परत चालू. डिफरन्शियल फार कमी ठेवला तर स्विच सारखा टकटक करून लवकर झिजतो. हे आकडे उदाहरणापुरते. खरे आकडे प्रोसेस इन्चार्जकडून लेखी घ्या.

आता महत्त्वाचं. कॅपिलरी फुटून आतला द्रव गळला तर काय होतं? दाब उतरतो आणि थर्मोस्टॅटला वाटतं, थंड आहे. तो स्टीम चालूच ठेवतो. म्हणून एकाच थर्मोस्टॅटवर विसंबायचं नाही. दुसरा वेगळा, वेगळ्या पॉकेटमध्ये, हाय लिमिट ट्रिप म्हणून बसवा. उदाहरणार्थ ६२ ला. तो हाताने रीसेट करण्याचाच घ्या. आपोआप रीसेट झाला तर कोणाला कळणारच नाही की काहीतरी बिघडलं होतं.

वायरिंग अशी करा की तापमान वाढलं, वायर तुटली किंवा लाइट गेली, तिन्ही वेळा स्टीम बंद व्हावी. म्हणजे करंट असेल तरच व्हॉल्व्ह उघडा. आपल्याकडे लाइट जाण्याचं काय ते सांगायला नको.

ऑपरेटरला तीन वाक्यं मराठीत लिहून बॉक्सजवळ लावा : सप्लाय चालू असताना झाकण उघडू नका. ट्रिप झाला तर कारण सापडल्याशिवाय रीसेट करू नका. लूप मारून बायपास करू नका.

तपासणी सोयाबीन येण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आधी, करून घ्या. बोल्ट, ग्लँड, प्लग, गंज, अर्थ, प्लेट वाचता येते का आणि ट्रिपची प्रत्यक्ष चाचणी. मानकानुसार दोन तपासण्यांमधलं अंतर तीन वर्षांपेक्षा जास्त नसावं. पण आपल्या उन्हात आणि सीझनच्या धावपळीत दरवर्षी केलेली बरी.

७. काउंटरवर : विकायचं कसं, नाही कसं म्हणायचं

हा माल स्टॉकमध्ये भरून ठेवू नका. रेंज, कॅपिलरीची लांबी, ग्रुप, आटे सगळं प्रत्येक वेळी वेगळं. पैसा अडकतो. एक चौकशी फॉर्म छापा : जागा आणि झोन, कोणता पदार्थ, तापमानाची रेंज, कॅपिलरीची लांबी, पॉकेटचं माप, केबलचा व्यास, किती एन्ट्री, जागेचं कमाल तापमान. आठही रकाने भरल्यावर सप्लायरकडून भाव घ्या, मग ॲडव्हान्स आणि लेखी ऑर्डर.

कोटेशनमध्ये फक्त थर्मोस्टॅट लिहिलात तर तोट्यात जाल. पॉकेट, ग्लँड, प्लग, केबल, कॅलिब्रेशन, कागदपत्रांची फाइल आणि चाचणीची व्हिजिट असं सुटं सुटं लिहा. नाहीतर ग्राहक थर्मोस्टॅट तुमच्याकडून घेईल आणि ग्लँड बाजारातून साधा आणेल. बिलावर पूर्ण मार्किंग लिहा. 'थर्मोस्टॅट, १ नग' असं बिल कधीही देऊ नका.

आणि सीझनमधला तो प्रसंग येणारच. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी माझ्या काउंटरवर एका प्लांटचा मेंटेनन्सवाला आला. "दादा, साधाच द्या. शेठ म्हणतात लाइन थांबली तर गाड्या उभ्या राहतात. रविवारी बदलून टाकू." मी म्हटलं, "भाऊ, रविवारपर्यंत तिथं उभं कोण राहणार? शेठ की तुम्ही?" तो गप्प झाला. मग मी त्याच्याच फोनवरून शेठशी बोललो : साधा देणार नाही, एफएलपी कधी येईल ती तारीख आत्ता सप्लायरला विचारून सांगतो, तोवर तो सेक्शन बंद ठेवा. शेठ चिडले. त्या दिवशी विक्री झाली नाही. साधा थर्मोस्टॅट शेल्फवर होता, दोन मिनिटांचं काम होतं, पण रात्रपाळीला त्या पाइपजवळ उभा राहणारा माणूस आपल्याच गावचा असतो.

नाही म्हणताना तीन गोष्टी द्या : कारण एका वाक्यात, माल येण्याची खरी तारीख आणि तोवर काय बंद ठेवायचं ते. नुसतं "नाही" म्हटलं तर तो दुसऱ्या दुकानात जाऊन साधाच घेईल. आणि हे नाही म्हणणं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवघड जातं, म्हणून विक्री ऑगस्टमध्ये करा. तेव्हा प्लांटची दुरुस्ती चालू असते, शेठकडे वेळ असतो. एक जादा पीस त्यांच्याच स्टोअरमध्ये ठेवायला सांगा. सीझनआधीच्या तपासणीचं वार्षिक कंत्राट द्या. यात धंदाही आहे आणि रात्रीची झोपही.

गृहपाठ

या आठवड्यात दोन कामं करा. एक, दुकानातला कुठलाही एफएलपी बॉक्स किंवा लाइट घ्या आणि त्याची नेमप्लेट वहीत उतरवून प्रत्येक अक्षराचा अर्थ लिहा. दोन, वरचा आठ रकान्यांचा फॉर्म आपल्या लेटरहेडवर छापून घ्या. पुढच्या व्हिडिओत पीटी-१०० आणि बॅरिअरचं वायरिंग टेबलवर प्रत्यक्ष करून बघू. तेव्हा वही जवळ ठेवा, राजेहो.